वर्ष झालं म्हणून सीट वळवू नका

"लेकरू वर्षाचं झालं, आता ती सीट पुढे वळवा." गाडीत लेकराला मागे तोंड करून बसवायच्या सीटबद्दल हा सल्ला हल्ली जालन्यात हमखास मिळतो. आजी देते, गाडीला अॅक्सेसरीज बसवून देणारा दुकानदार देतो आणि दिवाळीला पुण्याहून आलेला मावसभाऊ देतो. मावसभावाकडे दोन वर्षांपासून अशी सीट आहे, त्यामुळे घरात त्याचा शब्द शेवटचा ठरतो. आजीला नातवाचे पाय अवघडलेले बघवत नाहीत. दुकानदार खोक्यावर छापलेलं वाचून दाखवतो. मावसभाऊ म्हणतो, अमेरिकेतल्या ज्या अभ्यासावर तोंड मागे ठेवण्याचा सल्ला उभा होता, तो अभ्यासच मागे घेतला गेला. तिघंही लेकराच्या काळजीपोटीच बोलतात आणि तिघांचाही सल्ला चुकीचा आहे.

हा वाद आपल्याकडे आत्ताच का आला, ते आधी बघू. अंबड चौफुलीपासून मंठा चौफुलीपर्यंत ट्रॅक्टर, रिक्षा आणि हातगाड्यांतून वाट काढणाऱ्या गाडीचा वेग किती असणार? पण 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि जून 2025 मध्ये शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा झाल्यावर 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. बदनापूर आणि जालना तालुक्यांतून तो जातो. कारसाठी वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे. काल-परवापर्यंत एसटीने शिर्डीला जाणारं कुटुंब आज स्वतःच्या गाडीने, सहा-आठ महिन्यांचं लेकरू घेऊन, या वेगाने जातं. रस्ता बदलला, गाडी बदलली, वेग दुप्पट झाला. लेकरू मात्र आईच्या मांडीवरच राहिलं. ज्या थोड्या घरांनी सीट घेतली, ती घरंही ती लवकर फिरवून टाकतात.

जून 2024 च्या अखेरीस एका रात्री याच महामार्गावर कडवंचीजवळ दोन कार समोरासमोर धडकल्या. द्राक्षांसाठी आणि पाणलोटाच्या कामासाठी नावाजलेलं हे गाव त्या दिवशी वेगळ्याच कारणाने बातमीत आलं. इंधन भरून निघालेली एक कार उलट दिशेने आली होती आणि दुसरी नागपूरकडून मुंबईकडे निघाली होती. माणसं गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये वैजापूरजवळ प्रवाशांनी भरलेली गाडी मागून ट्रकवर आदळली, बारा जण गेले. पहिला अपघात समोरासमोरचा, दुसरा 'मागून धडक' म्हणून नोंदला जाणारा. पण आदळणाऱ्या गाडीत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने दोन्हींत धक्का समोरूनच बसतो. शरीर पुढे फेकलं जातं. लेकराचं तोंड कुठे असावं, या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं.

समोरून धडक बसली की गाडी थांबते, आतलं शरीर थांबत नाही. तोंड पुढे करून पट्ट्यांनी बांधलेल्या लेकराचे खांदे आणि छाती पट्टे धरून ठेवतात. डोक्याला धरायला काहीच नसतं, ते पुढे झेपावतं आणि त्याचा सगळा ताण मानेवर येतो. आपल्यालाही मान आहे, मग लेकराचीच एवढी चिंता कशाला, असं कोणी विचारलं तर त्याने लहान बाळाचं डोकं नीट पाहावं. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं. मोठ्या माणसाचं सातवा-आठवा. एवढं जड डोकं ज्या मानेवर आहे, तिचे मणकेही अजून अखंड हाडाचे झालेले नसतात. हाडाचे वेगवेगळे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि मानेच्या वरच्या मणक्यांत हे तुकडे पुरते जुळायला तीन ते सहा वर्षं लागतात. स्नायूबंधही सैल. अशी मान ताणली गेली की मणक्यांचा सांगाडा ताणला जातो, पण आतला मज्जारज्जू तितका ताण सोसत नाही.

तोंड मागे असलेल्या सीटमध्ये तीच धडक बसली तर लेकरू सीटच्या पाठीत दाबलं जातं. डोकं, मान, पाठ सगळं एकाच वेळी, एकाच आधारावर. जोर संपूर्ण पाठीवर पसरतो, मानेला एकटीला सोसावा लागत नाही. स्वीडनमधले डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर जोर घेऊन कसे बसतात ते पाहिलं आणि त्यावरून 1960 च्या दशकात लहान मुलांसाठी मागे तोंड असलेली सीट तयार केली. 1964 मध्ये व्होल्वोच्या गाडीत तिचा नमुना तपासला गेला. तेव्हापासून स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसतात आणि तिथे कोणाला त्याचं नवल वाटत नाही.

आता दुकानदाराच्या खोक्याकडे वळू. आपल्याकडच्या सीट एआयएस 072 या मानकाखाली येतात आणि ते युरोपच्या जुन्या आर 44 या नियमाच्या वळणावर बेतलेलं आहे. त्यात मुलांचे गट वजनावर पाडलेत: 13 किलोपर्यंतचा एक, 9 ते 18 किलोचा दुसरा, असे पुढे. दुसऱ्या गटात पुढे तोंड चालतं. म्हणून खोक्यावर 9 किलोचा आकडा दिसतो आणि दुकानदार सांगतो, 'नऊ किलो झालं की वळवा.'

हा आकडा आपल्या लेकरांना लावून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार मधल्या वाढीचा मुलगा नऊ महिन्यांचा असताना 8.9 किलोचा असतो. मुलगी साधारण वर्षाची झाल्यावर तेवढी होते. म्हणजे खाऊन-पिऊन सुखी घरातला गुटगुटीत मुलगा धड उभंही राहता येत नसताना, दहाव्या महिन्यात, खोक्याच्या हिशेबाने पुढे तोंड करून बसायला पात्र ठरतो. त्याच अंगणवाडीतलं कमी वजनाचं लेकरू दीड वर्षाचं झालं तरी नऊ किलोचं नसतं. दोघांच्या मानेतली हाडं वजन पाहून जुळत नाहीत. अंगणवाडी सेविका दर महिन्याला जो काटा पाहते तो पोषणासाठी आहे; मणक्याची घडण त्या काट्यावर कळत नाही. युरोपला हे कळलं. 2013 मध्ये आलेल्या आर 129 या नव्या नियमात वजनाच्या जागी उंची आली आणि 15 महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला सरळ मनाई झाली. सप्टेंबर 2024 पासून तिकडच्या दुकानांत जुन्या आर 44 च्या सीट विकायलाही बंदी आहे. आणि तिकडे जी मर्यादा संपली, ती आपल्याकडे सल्ला म्हणून दिली जाते. शिवाय पंधरा महिने ही किमान मर्यादा आहे. त्याच्या आत वळवलं तर नियम मोडतो, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी वळवलंच पाहिजे असा नाही.

मावसभावाचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यातली वस्तुस्थिती खरी आहे. 2007 मध्ये 'इंज्युरी प्रिव्हेन्शन' या नियतकालिकात एक अभ्यास आला. एक ते दोन वर्षांची मुलं मागे तोंड असताना पाचपट सुरक्षित असतात, असा निष्कर्ष त्यातून जगभर गेला. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने 2011 मध्ये 'दोन वर्षांपर्यंत मागे तोंड' असा सल्ला दिला, त्यामागे हा अभ्यास होता. पुढे त्याच आकडेवारीची फेरतपासणी झाली, गणितातली चूक सापडली आणि अभ्यास मागे घेण्यात आला. 'पाचपट' हा आकडा आज कोणी वापरत असेल तर त्याने तो सोडून द्यावा. मीही तो वापरणार नाही.

पण फेरतपासणीत नेमकं काय निघालं? पुढे तोंड जास्त सुरक्षित, असं निघालं नाही. दोन्ही प्रकारे नीट बांधलेल्या मुलांत गंभीर इजा इतक्या कमी होत्या की तेवढ्या नोंदींतून ठाम फरक दाखवता येईना, असं निघालं. फरक सिद्ध न होणं आणि फरक नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुळात इजा कमी का होत्या? कारण ती सगळी मुलं सीटमध्ये होती, पट्ट्यांनी बांधलेली होती. आपल्याकडची मांडीवरची मुलं त्या हिशेबात नव्हतीच. आणि अभ्यास मागे घेतल्यावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी काय केलं, हे मावसभाऊ सांगत नाही. ऑगस्ट 2018 च्या नव्या सल्ल्यात त्यांनी 'दोन वर्षं' हा आकडा काढून टाकला आणि त्या जागी लिहिलं की सीटच्या उंची-वजनाची मर्यादा जिथवर परवानगी देते तिथवर, शक्य तितके दिवस मागे तोंड ठेवा. मुदत कमी झाली नाही, मोकळी झाली. एक अभ्यास पडला, पण मानेची रचना, धडकेतला जोर, चाचणीतल्या डमीच्या मानेवर मोजला जाणारा ताण आणि स्वीडनचा कित्येक दशकांचा अनुभव जागच्या जागी आहे.

डमीचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच गाड्यांचं पाहा. भारत एनकॅप ही चाचणी ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. तिच्यात समोरची धडक ताशी 64 किलोमीटरला देतात आणि मागच्या सीटवर दीड वर्षाची आणि तीन वर्षांची अशा दोन डमी बसवतात. त्याआधीपासून भारतीय गाड्या तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या अलीकडच्या अनेक चाचण्यांत कंपन्यांनी तीन वर्षांची डमीसुद्धा मागे तोंड करून बसवली आणि त्यातल्या कित्येक गाड्यांना बालसुरक्षेचे पाच तारे मिळाले. शोरूममध्ये ज्या ताऱ्यांची पोस्टर लागतात, ते तारे बऱ्याचदा असे मिळालेले आहेत. तीच गाडी घेऊन आपण एक वर्षाच्या लेकराला पुढे तोंड करून बसवतो आणि पाच ताऱ्यांची गाडी घेतली म्हणून निश्चिंत होतो.

आजीचं म्हणणं पायांचं. "पाय दुमडून बसतंय बिचारं, अवघडून जाईल." आजी, ज्या लेकराचा पाय अजून स्वतःच्या तोंडात जातो, त्याला दुमडलेल्या पायांचा त्रास होत नाही. दोन-अडीच वर्षांची मुलं या सीटमध्ये मांडी घालून बसतात किंवा पाय सीटच्या पाठीवर टेकवतात. घरी टीव्हीसमोर ती याहून वेडीवाकडी बसलेली असतात. उलट पुढे तोंड असलेल्या मुलाचे पाय धडकेत वर उसळून पुढच्या सीटवर आपटतात आणि मोडतात. आणि समजा, मागे तोंड असताना पाय मोडलाच, तर प्लास्टरने पाय जुळून येतो. मानेतल्या मज्जारज्जूला प्लास्टर घालता येत नाही.

रडण्याची तक्रार खरी आहे. आई दिसत नाही म्हणून लेकरू टाहो फोडतं आणि गाडी चालवणाऱ्याचं लक्ष उडतं. यावर उपाय सीट वळवणं नाही, मागे कोणीतरी सोबत बसणं आहे. आपल्या घरांत माणसांची वाण नसते. आत्या, मावशी, काका, कोणीही बसू शकतं. दर दीड-दोन तासांनी थांबून लेकराला बाहेर काढणंही आलंच. उन्हाचा मुद्दा जालन्यात त्याहून मोठा. मे महिन्यात उभ्या गाडीतली सीट आणि तिचं बक्कल चटका देण्याइतकं तापतं आणि एसीची हवा मागे तोंड केलेल्या सीटपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून गाडी उभी करताना सीटवर सुती चादर टाकून ठेवावी, बसवण्याआधी गाडी गार करावी, बक्कल हाताने तपासावं. हे सगळं करावं लागतं, कटकट आहे. पण ऊन काही सीट पुढे वळवल्याने कमी होत नाही.

मागून ट्रक आदळला तर, असा प्रश्न अनेक जण विचारतात. मागून आदळणारं वाहन सहसा त्याच दिशेने चाललेलं असतं, त्यामुळे धडकेचा जोर दोन वेगांच्या फरकाएवढाच असतो. समोरच्या धडकेत तसं नसतं. शिवाय महामार्गावर आपली गाडी उभ्या ट्रकवर जाऊन आदळण्याचे प्रकार आपण रोजच्या पेपरात वाचतो आणि तो प्रकार आपल्या लेकरासाठी समोरची धडकच असतो.

आणि मग सगळ्यात जुनं उत्तर येतं: आईच्या मांडीपेक्षा सुरक्षित काही नाही. या एका वाक्यापुढे बोलायला जड जातं, कारण त्यात माया आहे. पण हिशेब करून पाहू. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोच्या लेकराला थोपवायला सुमारे 170 किलोचा जोर लागतो. मोंढ्यातला अनुभवी हमालसुद्धा असा झटका नुसत्या हातांनी रोखू शकणार नाही. आई रोखू शकत नाही, आणि तिनेच बेल्ट लावलेला नसेल तर तिचं सगळं वजन लेकराच्या मागून त्याच्यावर येतं. पुढच्या सीटवर लेकराला घेऊन बसणं तर त्याहून वाईट. डिसेंबर 2024 मध्ये वाशीत पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यानंतर दगावला. मागे तोंड असलेली सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर, कधीही लावू नये. एअरबॅग उघडली की तिचा तडाखा थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे लेकराच्या डोक्यामागे बसतो. हा नियम बाकी सगळं विसरलं तरी लक्षात राहिला पाहिजे.

कायदा इथे फार मदत करत नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 194 ब हे कलम आलं. 14 वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा बालसुरक्षा सीटने बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. पण त्या कलमात तोंड कुठे असावं, याचा उल्लेखच नाही. सहा महिन्यांचं बाळ आणि तेरा वर्षांचा मुलगा एकाच ओळीत आहेत. समृद्धीच्या प्रवेशावर गाड्यांचे टायर तपासण्याच्या मोहिमा झाल्या, ते चांगलंच झालं. तिथेच मागच्या काचेतून एकदा आत डोकावून लेकरू कसं बसलंय ते विचारायला काय हरकत आहे?

मग वळवायचं कधी? जी सीट आहे, तिच्या मागे-तोंड प्रकारातली वजनाची किंवा उंचीची मर्यादा लेकराने ओलांडली की. त्याआधी नाही. बहुतेक सीटमध्ये डोक्याचा माथा आणि सीटच्या पाठीची वरची कड यांत इंचभर अंतर उरलं नाही की मर्यादा संपली असं समजावं. 13 किलोची सीट असेल तर बरीच मुलं दोन-अडीच वर्षांपर्यंत त्यात मावतात. 105 सेंटिमीटरपर्यंत मागे तोंड चालणारी सीट घेतली तर तीत चार वर्षांपर्यंत जातं, कारण मधल्या वाढीचा मुलगा चार वर्षांचा होताना 103 सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणून विकत घेतानाच खोक्यावरचा पुढे तोंड करण्याचा आकडा न बघता मागे तोंड किती किलो आणि किती सेंटिमीटरपर्यंत चालतं ते विचारा. दुकानदाराला ते सांगता येत नसेल तर माहितीपुस्तिका उघडून बघा.

आणि बसवतानाही बघा. दोन्ही बाजूंना तोंड करता येणाऱ्या बऱ्याच सीटवर बेल्ट ओवण्याच्या दोन वाटा असतात: निळ्या खुणांची मागे तोंडासाठी, लाल खुणांची पुढे तोंडासाठी. एका ओळखीच्या घरची सीट मी पाहिली. लेकरू मागे तोंड करून बसलेलं, बेल्ट मात्र लाल वाटेने ओवलेला. दुकानातूनच तसा बसवून दिलेला. बेल्टच्या वाटेजवळ हाताने धरून हलवली तर सीट वीतभर सरकत होती. ती इंचभरसुद्धा हलता कामा नये. खांद्याचे पट्टे लेकराच्या कानाजवळून येत होते. मागे तोंड असताना ते खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत, आणि इतके घट्ट की खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरता येऊ नये. आम्ही ते सगळं सोडलं, पुस्तिका मांडीवर घेतली आणि पुन्हा ओवलं. लहान गाडीत मागे तोंड केलेली सीट पुढच्या सीटला टेकते ही अडचण खरी आहे. चालकाच्या मागे न लावता डाव्या बाजूला लावायची आणि पुढची डावी सीट थोडी पुढे सरकवायची. पाच जणांच्या गाडीत सात जण कोंबायचे असतील तर मात्र सीटला जागा उरत नाही. अशा वेळी दोन माणसांनी एसटीने यावं. लेकराने नाही.

किमतीचा मुद्दा उरतो. चांगली सीट दहा-पंधरा हजारांत, कधी त्याहून महाग पडते. ज्याच्याकडे फक्त दुचाकी आहे त्याला हा वाद लागू नाही. त्याच्या लेकराचा प्रश्न वेगळा आणि आणखी कठीण आहे. पण ज्या घराने आठ-दहा लाखांची गाडी घेतली, तिला सीट कव्हर आणि मोठे स्पीकर लावले, त्या घराला ही रक्कम जड नाही. बारशाला मामाकडून वाळे, आत्याकडून कडी, आजोळकडून पाळणा येतो. दोन नातेवाइकांनी मिळून सीट दिली तर ती चार वर्षं वापरात राहील.

माझी मागणी बालरोगतज्ज्ञांकडे आणि लसीकरणाच्या रांगेत बसलेल्या परिचारिकांकडे आहे. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, म्हणजे अगदी त्याच सुमारास जेव्हा खोक्यावरचा 9 किलोचा आकडा गुटगुटीत मुलांना लागू होऊ लागतो. त्या दिवशी लेकरू कशातून आलं ते विचारा. गाडीतून आलं असेल तर सीट मागे तोंड करूनच ठेवायची, एवढं एक वाक्य सांगा आणि माता-बाल संरक्षण कार्डाच्या कोपऱ्यात लिहून द्या. दुसरी मात्रा 16 ते 24 महिन्यांत असते. तेव्हा पुन्हा विचारा, कारण तोवर आजी, दुकानदार आणि मावसभाऊ तिघांचंही सांगून झालेलं असेल.